मचूळ पाण्यातले लेकुरवाळे

निमखाऱ्या पाण्याची टाकी मांडायची आणि तीत झाडंही हवीत, असं ठरलं की मासा निवडायची सुरुवात मिठाच्या मापापासून होते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. जावा फर्न, व्हॅलिस्नेरिया, भरतीच्या चिखलात मूळ धरणारी क्रिप्टोकोराइन सिलिआटा यांना मी त्याच्या सहाव्या हिश्शापलीकडे नेत नाही. हायड्रोमीटरचा काटा १.००३ च्या आसपास राहिला की पानं तजेलदार राहतात. झाडांनी आखलेली ही रेघ मासेवाल्याने मानलीच पाहिजे.

ती मानली की बरीच देखणी नावं गळतात. मोनो आणि स्कॅट वाढू लागले की त्यांना खारं पाणी हवंसं होतं, आणि स्कॅटला कोवळ्या पानांची चटक असते. गोव्यात ज्याला कालुंदर म्हणतात तो, केरळचा राज्यमासा करीमीन, माझा फार लाडका. पण शेवाळ आणि पाणवनस्पती हे त्याचं रोजचं जेवण; हिरव्या टाकीत त्याला सोडणं म्हणजे शेळी परसात मोकळी सोडणं.

त्याचाच धाकटा भाऊबंद मात्र इथे अगदी घरचा वाटतो. ऑरेंज क्रोमाइड. केरळात त्याला पल्लत्ती म्हणतात. दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या खाड्यांतला, सरोवरांतला हा मासा जेमतेम ८ सेंटिमीटरचा. दुकानात बहुधा त्याची भडक नारिंगी जात मिळते. मला विचाराल तर मूळ रंगाचाच शोधावा, चार दुकानं जास्त फिरावं लागलं तरी. हळदीत किंचित शेवाळ कालवावं तसं त्याचं अंग, त्यावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी आणि कुशीवर एक गडद डाग. फर्नच्या काळपट हिरव्या पानांमागून तो आडवा सरकतो तेव्हा ठिपके आधी दिसतात, मासा मागून.

सोबतीला एखादा नाइट गोबी शोभतो: रुपेरी अंग, काळे टिपके, तळाशी बसून राहण्याची सवय. हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याला ‘सदानंदिओ’ म्हटलं. हे नाव वाचलं की मला आपल्या गावचा कुणी सदानंद भेटल्यासारखं वाटतं.

पण खरी गोडी क्रोमाइडच्या संसारात आहे. विणीच्या दिवसांत जोडीचं पोट आणि पोटाखालचे पर काळे होतात. लाकडाच्या खालच्या अंगाला अंडी चिकटवतात, आळीपाळीने परांनी वारा घालतात, जवळच वाळूत खळगे उकरतात. म्हणून फर्न लाकडाला बांधावा आणि व्हॅलिस्नेरिया कुंडीतच ठेवावी. माझ्याकडे पहिल्या दोन खेपांची अंडी आईबापांनीच खाल्ली. तिसऱ्या खेपेला पिल्लं पोहू लागली, तशी मी टाकीसमोर खुर्ची टाकली.

पिल्लं आईच्या कुशीला तोंड लावतात, क्षणभर टेकतात, बाजूला होतात, पुन्हा येतात. त्या दिवसांत आईबापांच्या अंगावरची बुळबुळीत साय घट्ट होते आणि पिल्लं ती खातात. गोबी जवळ आला की आई जागची हलत नाही. पोटाखालचे ते काळे पर भराभर उघडमीट करते. काळा रंग कशासाठी, हे तेव्हा कळतं. पसरलेला सगळा थवा खाली गोळा होतो. बाप पुढे होऊन आडवा उभा राहतो, गोबी माघारी वळतो, आणि व्हॅलिस्नेरियाच्या पातीआड गेलेलं एखादं पिल्लू सगळ्यांच्या मागून धडपडत येऊन आईच्या कुशीला चिकटतं.