ही सूचना कोणत्या आवृत्तीची?

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, असे विद्यार्थ्याने लिहिले की आपण लगेच विचारतो, किती दाबाला? संगणकाच्या मार्गदर्शक टिपणांना मात्र असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

'फ्रीरेडियस' या मोफत सॉफ्टवेअरचेच पाहा. संस्थेच्या वायफाय जाळ्यावर कोणाला घ्यायचे हे ते ठरवते. नाव आणि पासवर्ड तपासून 'येऊ द्या' किंवा 'नको' असे उत्तर देणे हे त्याचे मुख्य काम. ते ज्या 'रेडियस' नियमांवर चालते, ते १९९०च्या दशकात टेलिफोनवरून इंटरनेट जोडणाऱ्यांसाठी तयार झाले. विदेश संचार निगमने आपल्याकडे अशी सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली, ती काही वाचकांना आठवत असेल. मोडेमची किरकिर थांबली, रेडियस टिकले.

त्यावरच्या टिपणांचे तसे नाही. जोनाथन हॅसल यांचे 'रेडियस' हे पुस्तक २००२ सालचे, तर फ्रीरेडियसची १.० ही आवृत्ती २००४ सालची. नियमांची ओळख म्हणून आम्ही ते आजही सुचवू. पण त्यातली फ्रीरेडियसवरची प्रकरणे समोर ठेवून आजची मांडणी करू नये. २०१३ साली आलेल्या ३.० आवृत्तीत फाइलींच्या जागाही बदलल्या, आणि दुसऱ्या आवृत्तीची मांडणी तिसरीत जशीच्या तशी चालत नाही.

खरी गोम एका चिन्हात आहे. जुन्या टिपणांत वापरकर्त्याच्या नावापुढे 'युजर-पासवर्ड', दोन बरोबर-चिन्हे आणि मग पासवर्ड असे लिहायला सांगतात. दोन बरोबर-चिन्हे म्हणजे 'आलेल्या पासवर्डाशी ताडून पाहा'. डायल-अपच्या साध्या पद्धतीत पासवर्ड सर्व्हरपर्यंत येत असे, म्हणून ते जमून जाई. वायफायवर आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत पासवर्ड येतच नाही. त्यापासून गणित करून काढलेले उत्तर तेवढे येते. मग ताडायचे कशाशी? नव्या पद्धतीत 'क्लिअरटेक्स्ट-पासवर्ड' लिहून पुढे अपूर्णविराम आणि एक बरोबर-चिन्ह देतात. याचा अर्थ 'खरा पासवर्ड हा आहे, पडताळणी तू कर'. एवढा फरक कळला की निम्मा गोंधळ मिटतो. पण जुनी टिपणे उतरवणारे तो समजावून सांगत नाहीत.

पुण्या-मुंबईत शेजारच्या टेबलावर विचारता येते. तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी शाळेतले संगणकाचे सर एकटेच असतात, आणि हाती आलेला छापील कागद हाच त्यांचा गुरू. त्या कागदावर ना साल, ना आवृत्ती. सूचना चालली नाही तर निदान कळते तरी. चालली, तर धोका अधिक. काही टिपणांत अडलेले काम सोडवायला 'ऑथ-टाइप'पुढे 'ॲक्सेप्ट' लिहा असा तोडगा असतो. जोडणी झटकन लागते, कारण आता पासवर्ड तपासलाच जात नाही!

जुलै २०२४ मध्ये 'ब्लास्टरेडियस' हा दोष उघड झाला. रेडियसची उत्तरे 'एमडी५' या गणिती पद्धतीने प्रमाणित होतात. तिचा कच्चेपणा २००४ पासून ठाऊक होता. जाळ्याच्या मध्ये बसलेल्या हल्लेखोराला त्याच्या आधारे 'नको'चे 'येऊ द्या' करता येते, असे संशोधकांनी दाखवले. वायफायची 'ईएपी' पद्धत यातून वाचते, कारण तिच्यात प्रत्येक संदेशावर वेगळी खूण सक्तीची आहे. सापडते ती जुन्या टिपणांतली साधी पद्धत. ३.२.५ आवृत्तीत बंदोबस्त आला. त्याआधीच्या कागदांत तो कुठून असणार?

मग विश्वास कशावर ठेवावा? सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या मांडणीच्या फाइलींतच टिप्पण्या असतात. त्या त्याच आवृत्तीच्या असल्याने सर्वांत भरवशाच्या. सर्व्हर '-एक्स' हा पर्याय देऊन सुरू केला तर प्रत्येक पायरी पडद्यावर उमटते; जुन्या पद्धतीने लिहिलेला पासवर्ड दिसला तर इशाराही मिळतो. पण या टिप्पण्या इंग्रजीत, अनेक फाइलींत विखुरलेल्या आणि जाणकारासाठी लिहिलेल्या आहेत. नवख्याने कुठून सुरुवात करावी हे त्यांतून चटकन उमगत नाही, आणि म्हणूनच तो जुन्या टिपणांकडे वळतो. 'क्लायंट्स' फाइलीत नमुन्यादाखल 'टेस्टिंग१२३' हा गुप्त शब्द दिलेला असतो. तो फक्त चाचणीपुरता आहे, प्रत्यक्षात वापरू नये, असे शेजारीच लिहिले आहे. टिपणे उतरवताना शब्द तेवढा उतरतो, इशारा मागे राहतो.