'गर्भ' की 'गर्भाभ'? : एका संज्ञेची चिकित्सा

इ. स. १९५८ मध्ये स्टुअर्ड व रायनर्ट यांनी, स्वतंत्रपणे, गाजराच्या संवर्धित पेशींपासून फलनावाचून गर्भासारख्या रचना निर्माण होतात असे दाखविले. १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात गुहा व माहेश्वरी यांना धोतऱ्याच्या परागकोशांतूनही अशा रचना मिळाल्या. आरंभी या रचनांना 'एम्ब्रिऑइड', म्हणजे 'गर्भाभ', म्हणत. पुढे 'आभ' गळाले आणि गाजरासारख्या उदाहरणांत 'कायिक गर्भ' ही संज्ञा रूढ झाली. प्रत्ययाबरोबर एक शंकाही गळाली. ती गळणे कितपत युक्त होते, हे पाहणे अगत्याचे आहे.

नव्या संज्ञेच्या बाजूने सबळ पुरावा आहे. गाजराचा संवर्धित गर्भ गोल, हृदयाकार व पुढे लांबट अशा त्याच अवस्थांतून जातो. त्याला मूळ व प्ररोह अशी दोन टोके असतात आणि मूळ ऊतीशी त्याचा वाहिन्यांनी संबंध नसतो. केवळ फुटलेल्या अंकुराविषयी असे म्हणता येत नाही.

परंतु अवस्थांची ही नावे आकारावरून पडली आहेत. आरंभ आणि परिपक्वता यांविषयी ती मौन पाळतात. बीजात फलित पेशीचे पहिले विभाजन बहुधा विषम असते. त्यातील मोठ्या पेशीपासून मुख्यतः गर्भाला धरून ठेवणारा दांडा बनतो. संवर्धनात आरंभ बहुधा पेशींच्या पुंजक्यातून होतो व तो दांडा अनेकदा नसतो किंवा अपुरा राहतो. गाजराच्या पेशींना प्रथम २,४-डी हे संप्रेरकसदृश द्रव्य देतात. ते काढून घेतल्यावर गर्भ पुढे वाढतो. बीजातील गर्भ अखेरीस अन्न साठवितो, सुकतो व पुष्कळदा सुप्त होतो. संवर्धनातील गर्भ बहुधा न थांबताच रुजू लागतो. ॲब्सिसिक आम्ल देऊन व सावकाश सुकवून त्याला काही अंशी परिपक्व करता येते. यावरून हा भेद बऱ्याच अंशी परिसरजन्य आहे, हे उघड होते.

तात्पर्य, 'गर्भ' ही संज्ञा रचनेपुरती ग्राह्य आहे. अल्जिनेटच्या वेष्टनातील अशा गर्भाला 'कृत्रिम बीज' म्हणणे मात्र अतिव्याप्त होय. कारण वेष्टनाने सुप्तता येत नाही. बीजातील गर्भ दुर्गम असल्यामुळे अभ्यासक संवर्धनाकडे वळतात. तेथे मिळालेला निष्कर्ष बीजाला लावण्यापूर्वी तो आकाराविषयी आहे की परिपक्वतेविषयी, हे त्यांनी ठरविले पाहिजे. समान नाव हा त्याचा पुरावा नव्हे.