प्रकाश कोणाच्या मागे जातो? : 'ग्लो' या नृत्यरचनेचे परीक्षण

नर्तकाच्या देहावर प्रक्षेपकाचा प्रकाश पडला की 'तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर' एवढे लिहून आपण मोकळे होतो. समीक्षकाने पुढचा प्रश्न विचारायला हवा : इथे प्रकाश देहाच्या मागे जातो आहे, की देह प्रकाशाच्या?

मेलबर्नच्या चंकी मूव्ह या संस्थेची 'ग्लो' (२००६) ही रचना पाहा. नृत्यदिग्दर्शक गिडियन ओबरझानेक. संगणकप्रणाली जर्मनीच्या फ्रीडर वाइस यांची. पांढऱ्या जमिनीवर एकच नर्तिका, भोवती वरून खाली पाहणारे प्रेक्षक, कालावधी जेमतेम २७ मिनिटे. डोक्यावरचा इन्फ्रारेड कॅमेरा नर्तिकेची बाह्यरेषा टिपतो. संगणक त्याच क्षणी आकृत्या रचतो आणि प्रक्षेपक त्या देहावर व जमिनीवर टाकतो. इन्फ्रारेड कशासाठी? साध्या कॅमेऱ्याला प्रक्षेपित चित्र आणि देह यांतला फरक कळणार नाही. यंत्र आपल्याच चित्राचा पाठलाग करत बसेल.

आधीच चित्रित केलेली फीत इथे नाही. त्यामुळे नर्तिकेला फितीच्या वेळेशी जुळवून घ्यावे लागत नाही. ती थांबली तर प्रकाशही थांबतो. मर्स कनिंगहॅम यांच्या 'बायपेड'मध्ये (१९९९) नेमके उलटे होते. तिथे नर्तकांच्या हालचाली आधी नोंदवून पॉल कायझर आणि शेली एशकार यांनी त्यांतून रेखाकृती घडवल्या, आणि त्या रंगमंचापुढच्या पारदर्शक पडद्यावर दिसतात. त्या खऱ्या नर्तकांची वाट पाहत नाहीत. मला तरी तो बेफिकीरपणा अधिक भावतो. 'ग्लो'तला प्रकाश कधीकधी फारच आज्ञाधारक वाटतो.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे. वरच्या कॅमेऱ्याला फक्त बाह्यरेषा दिसते. म्हणून 'ग्लो'तले नृत्य बहुतांशी जमिनीलगत पसरते : लोळणे, सरपटणे, हातपाय फाकणे. यंत्राला जे दिसते तेच नृत्यात वाढत जाते. आता हीच व्यवस्था भरतनाट्यममधल्या एखाद्या पदमला लावून पाहा. छातीशी धरलेली हस्तमुद्रा बाह्यरेषेत विरघळून जाईल. नजर, भुवई, ओठांची हालचाल यांची तर या यंत्राच्या लेखी नोंदच नाही. आपल्याकडे शास्त्रीय नृत्यामागे असे प्रक्षेपण जोडले जाते, तेव्हा आधी हे तपासा की अभिनयाचा भाग तंत्राने टिपला आहे, की सोयीसाठी फक्त चक्करी आणि उड्यांनाच प्रकाश दिला आहे.

'ग्लो'च्या उत्तरार्धात देहाच्या काळ्या सावल्या जमिनीवर मागे राहतात आणि नंतर तिच्याच अंगावर चालून येतात. आतापर्यंत आज्ञा पाळणारा प्रकाश इथे उलटतो, आणि माझ्या मते रचना इथेच सर्वांत जिवंत होते. ही रचना ध्वनिचित्रफितीवर पाहणार असाल तर एक सावधगिरी बाळगा : पडद्यावर देह आणि चित्र दोन्ही सारखेच सपाट दिसतात, नर्तिकेचा घाम आणि धाप दिसत नाही.