अनामिक गावाचे दस्तऐवज : ‘गावगाडा’ आणि ‘एकेनफील्ड’

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) आणि रोनाल्ड ब्लाइद यांचे ‘एकेनफील्ड’ (१९६९) या दोन्ही ग्रंथांतील गाव नकाशावर सापडत नाही. ब्लाइद यांनी इंग्लंडमधील सफोक परगण्यातील खऱ्या वस्तीला व माणसांना कल्पित नावे दिली. आत्रे यांनी अनेक गावांचा अनुभव एका प्रातिनिधिक गावात गोळा केला.

साम्य येथेच संपते. ‘एकेनफील्ड’मध्ये लोहार, शेतमजूर, थडगी खणणारा स्वतः बोलतो. (ब्लाइद यांनी या कथनांवर हात फिरवला, हा मौखिक इतिहासकारांचा आक्षेप रास्तच, तरी ‘मी’ त्या माणसाचाच राहतो.) ‘गावगाडा’त महार, रामोशी, कुंभार येतात ते कामे, हक्क आणि बलुत्याचा वाटा यांच्या रूपाने, बोलतो तो महसूल खात्यातील जाणकार. फिरस्त्यांचे विवेचन तर त्यांना कुणब्यावरचा भार मानूनच चालते. वेशीबाहेरून गाव कसे दिसते, हे तेथे कळत नाही.

म्हणून ग्रंथ त्याज्य ठरत नाही. काळी, पांढरी, वेसकर, अलुते-बलुते या शब्दांमागील व्यवहार इतक्या बारकाईने क्वचितच नोंदवला गेला आहे. आत्र्यांचे निवाडे जुने झाले, नोंदी झाल्या नाहीत. मात्र हाच ‘बलुते’ शब्द दया पवार यांनी १९७८ मध्ये आत्मकथनाच्या शीर्षस्थानी ठेवला, आणि १९८० मध्ये कैकाडी समाजातील लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आले. ‘गावगाडा’ला मराठी खेड्याचे प्रमाण मानणाऱ्या तौलनिक अभ्यासकाने ही दोन पुस्तके त्याच्या पुरवण्या म्हणून नव्हे, प्रतिसाक्षी म्हणून वाचावयास हवीत.