अलेक्झांड्रियाहून मांडलेला इतिहास

अझीझ सुर्याल अतिया (१८९८–१९८८) यांचा ‘अ हिस्टरी ऑफ ईस्टर्न ख्रिश्चॅनिटी’ हा १९६८ चा ग्रंथ अनुक्रमणिकेपासूनच वाचावा. पहिला मान रोमला नाही, कॉन्स्टँटिनोपललाही नाही; तो अलेक्झांड्रियाला, म्हणजे इजिप्तच्या कॉप्टिक चर्चला आहे. मग अँटिओकचे जॅकोबाइट, नेस्टोरियन, आर्मेनियन, आपल्या केरळातले सेंट थॉमस ख्रिस्ती आणि मॅरोनाइट येतात.

कैरोत कॉप्टिक अभ्याससंस्था उभारणारे आणि पुढे अमेरिकेत युटा विद्यापीठात शिकवणारे अतिया स्वतः कॉप्ट होते. इ. स. ४५१ च्या कॅल्सेडन परिषदेनंतर कॉप्टिक चर्च पाखंडी ठरवले गेले. पाश्चात्त्य इतिहासकार बहुधा इथे त्याचा निरोप घेतात. अतियांची लेखणी इथेच तापते. त्या परिषदेत पदच्युत झालेल्या अलेक्झांड्रियाच्या धर्मप्रमुखाची, डायोस्कोरसची, बाजू मांडताना ते उघडपणे त्याचे वकीलपत्र घेतात. मला ते खटकत नाही. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे आपण शतकानुशतके ऐकलेलेच होते. क्रूसेड्सचे तर ते नामांकित अभ्यासक. पण इथे ते युद्ध कॉप्टांच्या अंगणातून दिसते: क्रूसवाल्यांच्या लेखी पाखंडी, राज्यकर्त्यांच्या लेखी संशयित.

ग्रंथाचा खरा कस लागतो तो शेवटी, लोप पावलेल्या चर्चांच्या भागात. टर्टुलियन, सिप्रियन, ऑगस्टीन यांच्यासारखे दिग्गज देणारी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजची परंपरा अरब विजयानंतर विरत गेली, आणि इजिप्तची मात्र टिकली. असे का व्हावे? अतिया तलवारीकडे बोट दाखवून मोकळे होत नाहीत. कार्थेजचा धर्म लॅटिन बोलणाऱ्या शहरी समाजात रुजला, बर्बर जनतेत खोलवर उतरला नाही. इजिप्तमध्ये तो शेतकऱ्याच्या बोलीत आणि वाळवंटातल्या मठांत पोहोचला. एवढ्या एका तुलनेने आधीची सगळी प्रकरणे नव्याने उजळतात. संन्याशांवरची पाने सुरुवातीला भाबडी वाटली होती. आता कळते, चर्च तगण्याचे कारण तिथेच सांगून झाले होते.

त्यांच्या संपादनाखालचा आठ खंडांचा कॉप्टिक विश्वकोश त्यांच्या निधनानंतर, १९९१ मध्ये आला. संदर्भाला तोच हाताशी घ्यावा. पण एका माणसाचा सलग युक्तिवाद हवा असेल, तर हाच ग्रंथ. न्युबियावरची पाने आज तोकडी वाटतात, कारण तिथल्या फरसच्या चर्चमधली भित्तिचित्रे तेव्हा नुकतीच वाळूतून बाहेर आली होती. कार्थेजची पाने मात्र अजून ताजी आहेत.