भाऊ गेला, मंडळी राहिली

धारवाडला एम.ए. करीत होतो तेव्हाची, म्हणजे १९९१ च्या सुमाराची गोष्ट. माझ्या खोलीतला सोबती गोव्याकडचा. त्याच्या पेटीत कपडे थोडे आणि कॅसेटी फार. संध्याकाळी मी मन्सूर अण्णांची कॅसेट लावायचो, रात्री जेवण झाल्यावर त्याची पाळी. रॉक संगीताविषयी माझे मत त्या काळच्या बहुतेक मराठी मास्तरांच्या मुलांसारखेच होते : गोंगाट, केस आणि धूर. एका रात्री त्याने एक कॅसेट लावली आणि तिच्यातले एक गाणे संपेचना. पाच मिनिटे झाली, दहा झाली, वीस झाली. सवयीने मी बोटांवर मात्रा मोजू लागलो तर पहिल्याच आवर्तनात फसलो. तीन, तीन, तीन आणि दोन. अकरा! अकरा मात्रांचे चलन घेऊन सुरू होणारे हे गाणे म्हणजे ग्रेग ऑलमनने लिहिलेले 'व्हिपिंग पोस्ट', आणि ती कॅसेट म्हणजे ऑलमन ब्रदर्स बँडची 'ॲट फिलमोर ईस्ट'. न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहात १९७१ च्या मार्चमध्ये प्रत्यक्ष मैफलीत ध्वनिमुद्रित झालेली.

सोबत्याने सांगितले, "यातला मुख्य गिटारवाला ही रेकॉर्ड निघाल्यावर चार महिन्यांत गेला. त्यानंतर वर्षाने दुसरा गेला. पण मंडळी अजून चालू आहे."

"मग ती तीच मंडळी कशी?" मी विचारले. त्याला उत्तर देता आले नाही. पुढची तीस-बत्तीस वर्षे तो प्रश्न मी अधूनमधून स्वतःलाच विचारीत आलो आहे. हा लेख त्याचाच.

प्रश्न आपल्याला अगदी परका नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ साली गेले, भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले, तरी पाटीवरचे नाव किर्लोस्करांचेच राहिले आणि त्याच पाटीखाली पुढे बालगंधर्व उभे राहिले. ऑलमन मंडळींची कथा मात्र याहून गुंतागुंतीची आहे, आणि तिच्यात एक सल आहे.

ड्वेन आणि ग्रेग हे दोघे भाऊ. ड्वेन थोरला, गिटार वाजवणारा. ग्रेग धाकटा, ऑर्गन वाजवून गाणारा. १९६९ च्या मार्चमध्ये फ्लॉरिडातल्या जॅक्सनव्हिल गावी ड्वेनने सहा जण जमवले. दुसरा गिटारवादक डिकी बेट्स, बास गिटारवर बेरी ओकली, आणि ड्रम्सवर एक नव्हे तर दोघे : बुच ट्रक्स आणि जेमो. हा जेमो, म्हणजे जय जोहानी जोहान्सन, कृष्णवर्णी. बाकीचे पाच गोरे. लवकरच मंडळींनी शेजारच्या जॉर्जियातल्या मेकन शहरी बिऱ्हाड केले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते, आणि किंग जॉर्जियाचेच. त्या दक्षिणेत ही सहा माणसे एका घरात राहात, एका गाडीतून हिंडत आणि एका मंचावर उभी राहात. त्यांनी यावर भाषणे केली नाहीत. संगीतात मात्र ते ऐकू येते. जेमो पूर्वी ऑटिस रेडिंगच्या ताफ्यात वाजवून आलेला, जाझचा भक्त. माइल्स डेव्हिस आणि जॉन कोल्ट्रेन यांच्या ध्वनिमुद्रिका त्यानेच इतरांच्या कानी घातल्या, आणि तिथूनच या मंडळींच्या वादनाला लांबी आली.

लांबी म्हणजे पाल्हाळ नव्हे, हे आपल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. बेट्सने रचलेली 'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड' ही गायनाविना असलेली रचना ऐकावी. (हे नाव मेकनच्या रोझ हिल दफनभूमीतल्या एका थडग्यावरून घेतलेले आहे. त्याच दफनभूमीत पुढे ड्वेन, ओकली आणि ग्रेग यांना मूठमाती मिळाली.) सुरुवातीला बेट्स गिटारचा आवाज शून्यातून हळूहळू वाढवीत नेतो, त्यामुळे तार छेडल्याचा आघात ऐकूच येत नाही आणि व्हायोलिनचा भास होतो. मग दोन्ही गिटारी एकच धून आधी एकसुरात आणि नंतर दोन वेगळ्या सुरांवरून समांतर वाजवतात. मुखडा झाला की एकेकाची बढत. खाली स्वरांचा पाया फारसा हलत नाही. पाश्चात्त्य संगीतात सुरावटींची जी सतत उलथापालथ चालते ती इथे थांबवलेली आहे. वादकाला एका जागी उभे राहून खोल जावे लागते. मला या मंडळींत शिरायला वाट सापडली ती इथून. ट्रक्स लय ओढून धरतो, जेमो तिच्या आजूबाजूने बोलतो. दोन तबलजी एकाच गायकाला साथ करीत आहेत आणि एकमेकांच्या पायांत येत नाहीत, असे समजा.

ड्वेनची खासियत 'स्लाइड'. सर्दीच्या गोळ्यांची काचेची रिकामी बाटली बोटात घालायची आणि ती तारेवरून सरकवीत न्यायची. पडद्यांनी बांधलेल्या वाद्यातून अशा रीतीने मींड निघते, दोन पडद्यांमधल्या श्रुती निघतात. हे तंत्र त्याचे नव्हे, ते ब्लूज गाणाऱ्या काळ्या वादकांचे. पण त्याने त्याला जी धार आणि जे रडू दिले ते त्याचेच.

'फिलमोर ईस्ट' जुलै १९७१ मध्ये बाहेर पडली. २९ ऑक्टोबरला मेकनमध्ये मोटारसायकलच्या अपघातात ड्वेन गेला. एक वर्ष तेरा दिवसांनी, ११ नोव्हेंबर १९७२ रोजी, त्याच गावात, त्या जागेपासून काही फर्लांगांच्या आत, मोटारसायकलवरूनच बेरी ओकली गेला. दोघेही चोवीस वर्षांचे.

मंडळींनी पुढे काय केले ते नीट पाहण्यासारखे आहे. ड्वेन गेल्यावर महिनाही उलटला नव्हता तेव्हा उरलेले पाच जण पुन्हा मंचावर आले. पण त्याच्या जागी त्यांनी दुसरा गिटारवादक घेतला नाही. जागा रिकामी ठेवली. बेट्स एकट्याने दोघांचे काम ओढू लागला. वर्षभराने माणूस घेतला तो चक लेव्हेल, आणि तो पियानो वाजवणारा! ओकलीनंतर बासवर आला लमार विल्यम्स, जेमोचा लहानपणचा मित्र. १९७३ ची 'ब्रदर्स अँड सिस्टर्स' ही या नव्या संचाची ध्वनिमुद्रिका अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. त्याच जुलैमध्ये वॉटकिन्स ग्लेन इथे ग्रेटफुल डेड आणि द बँड यांच्यासह त्यांना ऐकायला सहा लाखांच्या आसपास लोक लोटले. त्या ध्वनिमुद्रिकेतली 'जेसिका' ऐकताना मला नेहमी वाटते, की पियानो जिथे गिटारच्या धुनेशी जोडून धावतो तिथे ड्वेनची उणीव लपवलेली नाही, तिला वळसा घातलेला आहे. गेलेल्या माणसाची नक्कल न करता त्याची आठवण ठेवण्याची ही रीत मला फार सुसंस्कृत वाटते.

यापुढचा काळ मी भराभर सांगतो, कारण तो ऐकवत नाही. पैसा आला, पदार्थ आले. १९७६ साली अमली पदार्थांच्या खटल्यात ग्रेगने मंडळींच्याच एका कर्मचाऱ्याविरुद्ध साक्ष दिली आणि सगळे फुटले. १९७८-७९ मध्ये पुन्हा जमले ते लेव्हेल आणि विल्यम्स यांच्याविना. आता मात्र नेमकी उलटी चूक झाली. दुसरी गिटार हवी म्हणून दुसरी गिटार आणली, बासची खुर्ची भरली, रेडिओला काय हवे ते विचारून गाणी केली. १९८० मध्ये जेमोलाही दूर केले. खुर्च्या सगळ्या भरलेल्या आणि मैफल रिकामी! १९८२ साली दुकान बंद झाले ते बरेच झाले.

सात वर्षांनी, १९८९ मध्ये, तिसरा जन्म. जेमो परतला. वॉरन हेन्स हा तरुण गिटारवादक आणि ॲलन वुडी हा बासवादक आले. माझा सोबती "अजून चालू आहे" म्हणाला तो हाच संच. मग हेन्स आणि वुडी गेले, ओटील बरब्रिज आला आणि १९९९ मध्ये डेरेक ट्रक्स आला. हा बुच ट्रक्सचा पुतण्या, वय वीस. ड्वेन गेल्यानंतर आठ वर्षांनी जन्मलेला. एरिक क्लॅप्टनच्या 'डेरेक अँड द डॉमिनोज' या मंडळींबरोबर ड्वेनने १९७० मध्ये गाजलेले वादन केले होते, त्यांच्यावरून या मुलाचे नाव ठेवलेले.

डेरेकविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे. तोही काचेची नळीच बोटात घालतो, पण तो ड्वेनपाशी थांबला नाही. कॅलिफोर्नियातल्या अली अकबर खाँसाहेबांच्या विद्यालयात जाऊन तो शिकला, सरोद त्याने कान देऊन ऐकला, आणि २००२ च्या त्याच्या स्वतःच्या 'जॉयफुल नॉइज' मध्ये तर राहत फतेह अली खाँ गायले आहेत. सरोदला पडदे नसतात हे ध्यानात घ्या. त्याची नखी नाही, उजव्या हाताची नुसती बोटे. सुरावर तो थेट उतरत नाही. खालून येतो, किंचित अलीकडे थांबतो, मग लावतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने अमेरिकेहून येताना २००३ ची 'हिटिन द नोट' माझ्यासाठी आणली, ती लावली आणि मी घरात हाक मारली, "अगं, हे ऐक, हा तर आपल्यातला निघाला!" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आवाज कमी करा." असो.

इथवर कथा सुखाची आहे. सल पुढे आहे. २००० साली मूळच्या तिघांनी, म्हणजे ग्रेग, बुच आणि जेमो यांनी, डिकी बेट्सला फॅक्स पाठवून उन्हाळ्याच्या दौऱ्यातून वगळले. तो पुन्हा परतला नाही. कारणे असतील, बेट्सचा स्वभाव आणि व्यसने सर्वांना ठाऊक होती. पण ड्वेन गेल्यावर ज्याने एकट्याने तोलून धरले, 'जेसिका' आणि 'रॅम्बलिन मॅन' ज्याने दिली, त्याला एकतीस वर्षांनी यंत्रातून कागद! त्याच्यावाचून 'एलिझाबेथ रीड' मात्र वाजतच राहिली. आणि न्यायाची गोष्ट बाजूला ठेवून निव्वळ कानाने ठरवायचे तर कबूल करावे लागते, की हेन्स परतल्यावर २००१ पासून जमलेला, हेन्स आणि डेरेक यांचा हा संच १९७१ नंतरचा सर्वांत उत्तम होता. अन्यायाच्या पायावर चांगली कला उभी राहते, हे मास्तर म्हणून मला सांगायला आवडत नाही. पण ध्वनिमुद्रिका ऐकून खोटे कसे लिहू?

'पहिले सहा तेच खरे' असे म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. तरी त्यांच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे, आणि ती ते नीट सांगत नाहीत. शेवटचा संच तेरा-चौदा वर्षे अभंग राहिला, या मंडळींच्या इतिहासात सर्वांत दीर्घ. बहुतेक दरसाल न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये वारी केल्यासारखी रसिकांची गर्दी. तरी २००३ नंतर नव्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका एकही नाही! अकरा वर्षे त्याच बंदिशी, दर वेळी नव्या बढतीने. गायकी सांभाळली, वाढवलीसुद्धा, पण नवी बंदिश बांधणारा राहिला नाही. तो होता, त्याला फॅक्स गेला होता. आमच्या स्नेहसंमेलनात मी कित्येक वर्षे तीच दोन नाटके आलटूनपालटून बसवीत आलो आहे आणि मुले ती उत्तम करतात, म्हणून या दोषाकडे बोट दाखवताना माझा हात जरा अडखळतो.

शेवटचा कार्यक्रम २८ ऑक्टोबर २०१४ रोजी बीकनमध्येच झाला. मध्यरात्र उलटून गेली, म्हणजे ड्वेनची पुण्यतिथी लागली, तरी वादन चालू होते. त्यानंतर २०१७ च्या जानेवारीत बुच ट्रक्स गेला, मेमध्ये ग्रेग गेला, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये डिकी बेट्सही गेला. सहांपैकी उरला एकटा जेमो. त्या रात्री सगळे प्रेक्षकांना वाकून नमस्कार करून झाले, आणि पुन्हा आपापल्या वाद्यांकडे वळले. वाजवले ते मडी वॉटर्सचे 'ट्रबल नो मोर'. १९६९ साली सहा जण प्रथम एकत्र बसले तेव्हा तालमीला घेतलेले पहिले गाणे तेच होते.