काळ्याहून काळी पट्टी

लॅपटॉप टीव्हीला जोडून सिनेमा पाहणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: लॅपटॉपवर छान दिसणारं चित्र टीव्हीवर गेलं की बिघडतं. कुणाच्या पडद्यावर अंधारातलं सगळं गडप होतं, कुणाचं चित्र धुऊन धुऊन विटलेलं दिसतं, कुणाच्या पडद्याच्या तळाचं घड्याळ अर्धं कापलं जातं. मग केबल बदलली जाते. दुकानदार सोन्याचा मुलामा दिलेली महागडी केबल गळ्यात मारतो आणि चित्र होतं तसंच राहतं. केबल बिचारी निर्दोष असते. एचडीएमआय केबल बिघडली तर पडद्यावर ठिणग्या दिसतात नाहीतर चित्रच जातं. अंधार गडद किंवा फिका करणं तिच्या हातात नसतं.

दोष शोधायचा असेल तर एक जुनं चित्र पडद्यावर लावावं. एसएमपीटीई कलर बार्स या नावानं ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी रंगपट्ट्या. वर सात उभ्या रंगीत पट्ट्या, त्यांच्याखाली एक अरुंद ओळ, तळाशी काही गडद-पांढरे चौकोन. यात ना माणूस, ना झाड, ना गोष्ट. तरीही मी याचं रसग्रहण करायला बसलो आहे, कारण यात एकही रेघ उगाच ओढलेली नाही आणि वाचता आलं तर हे चित्र टीव्हीबद्दल सगळं खरं सांगून टाकतं.

रंगपट्ट्यांची मूळ कल्पना १९५१ सालची, आरसीए प्रयोगशाळेतल्या नॉर्बर्ट लार्की आणि डेव्हिड होम्स यांची. अमेरिकेत रंगीत प्रक्षेपणाचं मानक मंजूर झालं १९५३ च्या डिसेंबरात. म्हणजे अभ्यासक्रम ठरायच्या आधीच प्रश्नपत्रिका तयार होती. आज ओळखीचं असलेलं रूप सत्तरच्या दशकात सीबीएसच्या प्रयोगशाळेत घडलं आणि १९७८ मध्ये एसएमपीटीई या अभियंत्यांच्या संस्थेनं ते स्वीकारलं. पुढे सीबीएसला त्यासाठी तांत्रिक एमी पुरस्कारही मिळाला. आपल्याकडे वरळीहून मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, रंग आला १९८२ मध्ये. कार्यक्रम सुरू होण्याची वाट पाहत चाचणीचित्रासमोर बसलेली पिढी अजून आहे. ते चित्र आपल्यासाठी नसून अभियंत्यांसाठी आहे, अशी तिची समजूत होती. आता लॅपटॉप आणि टीव्ही यांच्यामधला अभियंता आपणच असल्यामुळे ते आपल्याला वाचता यायला हवं.

वरची ओळ आधी घेऊ. डावीकडून राखाडी, पिवळी, आकाशी, हिरवी, किरमिजी, लाल, निळी. पहिल्या नजरेला हा क्रम साडीच्या दुकानातल्यासारखा मन मानेल तसा वाटतो. प्रत्यक्षात पडद्याकडे रंग तीनच: लाल, हिरवा, निळा. प्रत्येक एकतर पेटलेला किंवा विझलेला. पिवळ्यात लाल आणि हिरवा पेटतात, आकाशीत हिरवा आणि निळा, किरमिजीत लाल आणि निळा. राखाडीत तिन्ही.

इथे शाळेतलं वृत्तशास्त्र आठवावं. निळा, लाल, हिरवा अशा तीन जागा धरा. पेटलेल्या जागी गुरू, विझलेल्या जागी लघु. राखाडी झाली गुरू-गुरू-गुरू, म्हणजे म गण. पिवळीत निळा तेवढा विझलेला: लघु-गुरू-गुरू, य गण. आकाशी र, हिरवी स, किरमिजी त, लाल ज, निळी भ. पिंगलाच्या छंदःशास्त्रात गण म, य, र, स, त, ज, भ, न या क्रमानं येतात. रंगपट्ट्यांचा क्रम तंतोतंत तोच. लार्की आणि होम्स यांना पिंगल ठाऊक असण्याचं काही कारण नाही. त्यांनी पट्ट्या उतरत्या उजेडानं लावल्या, एवढंच. जुन्या मानकानुसार एकूण उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ५९ टक्के, लालचा ३० आणि निळ्याचा ११. हिरवा एकटाच बाकी दोघांच्या बेरजेपेक्षा भारी, आणि लाल निळ्यापेक्षा भारी. म्हणून उजेडानं लावलं की गणांचा क्रम आपोआप साधतो. टीव्हीवरची रंगाची मात्रा शून्यावर आणून पाहा: सात पट्ट्यांच्या जागी राखाडीचे सात वेगवेगळे टप्पे उतरताना दिसतील.

आणि आठवा गण? न, तिन्ही लघू, तिन्ही विझलेले. म्हणजे काळा. तो या ओळीत नाही. रचनाकारांनी त्याला खालच्या मजल्यासाठी राखून ठेवलं आहे.

खाली जाण्याआधी पट्ट्यांच्या रुंदीकडे पाहा. मूळ चित्रात साती सारख्या रुंदीच्या आहेत. तुमच्या टीव्हीवर पहिली राखाडी आणि शेवटची निळी मधल्यांपेक्षा बारीक दिसत असतील, तर टीव्ही चारही कडा कापतो आहे. जुन्या काचेच्या टीव्हीत नळीच्या कडा वेड्यावाकड्या असायच्या, म्हणून चित्र थोडं फुगवून कडा चौकटीआड लपवायची पद्धत होती. नळ्या गेल्या, सपाट पडदे आले. सवय अनेक टीव्हींनी सोडली नाही. यात कडा जातात त्यापेक्षा मोठं नुकसान म्हणजे चित्र ताणलं जातं, लॅपटॉपचा एक ठिपका पडद्याच्या एका ठिपक्यावर बसत नाही आणि अक्षरं पुसट होतात. पिक्चर साइझच्या मेनूत याचा उपाय असतो. कंपनीगणिक त्याला जस्ट स्कॅन, फुल पिक्सेल, डॉट बाय डॉट, स्क्रीन फिट अशी नावं आहेत. सोबत लॅपटॉपचं रिझोल्यूशन टीव्हीच्या मूळ रिझोल्यूशनइतकं ठेवावं: १९२० बाय १०८० किंवा ३८४० बाय २१६०, जे असेल ते.

मधली अरुंद ओळ निळ्यासाठी आहे. वर निळा पेटलेल्या चार पट्ट्या आहेत: राखाडी, आकाशी, किरमिजी, निळी. त्यांच्या खाली त्याच चौघी उलट्या क्रमानं बसवल्या आहेत आणि निळा नसलेल्या तिघींखाली काळं. निळ्या काचेतून पाहिलं की वर-खालच्या जोड्यांमधली सीमारेषा पुसली जायला हवी. कडेच्या जोड्या जुळल्या नाहीत तर रंगाची मात्रा चुकली, आतल्या जुळल्या नाहीत तर छटा चुकली. फार हुशार ओळ आहे, पण आपल्याला तिचा उपयोग बेताचाच. अमेरिकी पद्धतीत वाटेत छटा सरकायची. आपण घेतलेल्या पाल पद्धतीत ही चूक आपोआप भागायची, आणि एचडीएमआयमधून आकडेच जात असल्यानं तो प्रश्नच उरला नाही. कौतुक करून पुढे जाऊ.

खरा ऐवज तळाच्या ओळीत आहे. तिथे एक लख्ख पांढरा चौकोन आहे, त्याच्या दोन बाजूंना जुन्या अमेरिकी पद्धतीच्या दोन गडद छटा आहेत, ज्यांचं काम आता संपलं. उजवीकडे काळं. आणि त्या काळ्यात, वरच्या लाल पट्टीच्या बरोबर खाली, तीन बारीक उभ्या चिरफळ्या. डावी काळ्याहून किंचित काळी. मधली काळी. उजवी काळ्याहून किंचित उजळ. या तिघींना मिळून प्लूज म्हणतात; ही युक्ती मूळची बीबीसीची.

सगळ्या चित्रातलं सौंदर्यस्थळ मला हेच वाटतं. वरच्या सात पट्ट्या दिसण्यासाठी आहेत. डावी चिरफळी न दिसण्यासाठी काढलेली आहे. टीव्हीचा ब्राइटनेस नीट लागला की ती मधलीत विरून जाते आणि उजवी तेवढी जेमतेम उरते, अंधाऱ्या खोलीत डोळे सरावल्यावर दिसावी इतकीच. डावी वेगळी दिसू लागली तर अंधार फिका झाला. उजवीही गेली तर अंधारानं तपशील गिळला. ब्राइटनेस म्हणजे उजेड वाढवण्याचं बटण असा सार्वत्रिक समज आहे. अनेक टीव्हींत ते खरं तर काळा कुठे सुरू होतो हे ठरवणारं बटण आहे, आणि हे शिकवायला त्या तीन चिरफळ्या पुरेशा आहेत.

लॅपटॉप जोडला की इथेच घोटाळा होतो. टीव्हीच्या जगात काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५; खाली-वर थोडी मोकळी जागा ठेवलेली असते, आणि काळ्याहून काळी चिरफळी त्या खालच्या जागेत राहते. संगणकाच्या जगात काळा ० आणि पांढरा २५५. त्याच्या हिशेबात शून्याखाली काही नाही. म्हणून लॅपटॉपवर व्हिडिओ लावला की तो १६ ते २३५ चा पल्ला ताणून ० ते २५५ करतो आणि डावी चिरफळी बहुधा तिथेच कापली जाते. ती टीव्हीपर्यंत पोचतच नाही. तेव्हा ती दिसत नाही म्हणून सगळं जुळलं असं समजू नका. लॅपटॉपच्या बाबतीत साक्ष उजवीचीच घ्यायची.

ती उजवी पाहा. लॅपटॉप ० ते २५५ च्या भाषेत बोलतोय आणि टीव्ही ते १६ ते २३५ समजून ऐकतोय, असं झालं तर १६ च्या खालचं सगळं काळं ठरतं. उजव्या चिरफळीचा आकडा ताणल्यानंतर दहाच्या आसपास येतो; तीही बुडते. तिन्ही चिरफळ्या जाऊन एकसंध काळोख उरतो. उलट झालं, म्हणजे लॅपटॉप १६ पासून बोलला आणि टीव्हीनं ० पासून ऐकलं, तर काळा कधी काळा होतच नाही. सगळ्या चित्रावर राखेचा पातळ थर बसतो. ही झाली ती विटलेल्या चित्राची तक्रार.

याची किंमत प्रत्यक्ष सिनेमात किती असते? ‘द गॉडफादर’चा पहिला प्रसंग घ्या. १९७२ चा सिनेमा, छायाचित्रण गॉर्डन विलिस यांचं. बंद खोली, वरून पडणारा उजेड, डॉनचे डोळे भुवयांच्या सावलीत. काळा कोट, त्यावर लाल गुलाब, मागे तपकिरी काळोख. कोट आणि काळोख यांच्यात विलिस यांनी अगदी थोडं अंतर ठेवलं आहे, आणि सगळा प्रसंग त्या थोड्या अंतरावर उभा आहे. उजवी चिरफळी बुडालेल्या टीव्हीवर चेहरा, शर्टाची पांढरी छाती आणि गुलाब हवेत तरंगताना दिसतात. खोली नाहीशी होते. राख बसलेल्या टीव्हीवर ती खोली सरकारी कचेरीसारखी उजेडात येते आणि डॉनचा दरारा जातो. दोन्हीकडे सिनेमा तोच, फाइल तीच, केबलही तीच.

उपाय दोन मेनूंत आहे. लॅपटॉपच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये आउटपुट डायनॅमिक रेंज किंवा क्वांटायझेशन रेंज अशा नावाखाली फुल आणि लिमिटेड असे पर्याय असतात; टीव्हीत एचडीएमआय ब्लॅक लेव्हल किंवा तत्सम नाव असतं. दोघांना एकच भाषा द्यायची. फुल चांगलं की लिमिटेड, यावर तावातावानं वाद घालणारे भेटतात. सिनेमापुरतं बोलायचं तर दोन्ही टोकांना एकच असलं की झालं. ऑटोवर मात्र डोळे झाकून विसंबू नका. उजवी चिरफळी पाहून खात्री करा.

आता परत वर, हिरवी आणि किरमिजी यांच्या सीमेवर. या दोघी परस्परविरोधी: एकीत जे पेटलेलं ते दुसरीत विझलेलं, त्यामुळे रंगाची सर्वांत मोठी उडी इथे आहे. ही कड फुटलेली, मळकट दिसली तर वाटेत रंगाची काटकसर होते आहे. व्हिडिओमध्ये सर्रास चार ठिपक्यांमागे रंगाची एकच नोंद ठेवतात. ४:२:० म्हणतात ते हेच. सिनेमा मुळातच तसा साठवलेला असल्यानं त्याचं काही अडत नाही, पण निळ्यावर लिहिलेली लाल अक्षरं वाचवत नाहीत. टीव्हीच्या इनपुटला पीसी असं नाव दिलं की अनेक टीव्ही रंग पुरा, म्हणजे ४:४:४ दाखवतात. ४के टीव्हीला जुना एचडीएमआय १.४ चा लॅपटॉप जोडला असेल तर सेकंदाला ३० च चित्रं मिळतात आणि माउसचा बाण अडखळत चालतो. ६० हवी असतील तर दोन्हीकडे २.० लागतं.

तळाच्या पांढऱ्या चौकोनाभोवती दुहेरी कड दिसली तर शार्पनेस जास्त आहे. शार्पनेसनं तपशील वाढत नाही, कडांना काजळ लागतं. कमी करा. कुठल्या आकड्यावर काजळ पूर्ण जातं हे प्रत्येक टीव्हीचं वेगळं असतं, तेव्हा आकडा न पाहता कड पाहा.

या चित्राची एक मर्यादा सांगायला हवी. ते स्थिर आहे, म्हणून हालचालीबद्दल गप्प. सेकंदाला २४ चित्रांच्या सिनेमात टीव्ही मधली खोटी चित्रं भरून हालचाल गुळगुळीत करतो आणि कसलेली नटमंडळी दैनंदिन मालिकेत आल्यासारखी वाटतात. हे रंगपट्ट्यांवरून कधीच कळणार नाही. २०१८ मध्ये टॉम क्रूझनं प्रेक्षकांना हे बंद करायची जाहीर विनंती केली होती, आणि २०१९ मध्ये फिल्ममेकर मोड नावाची सोय जाहीर झाली. तुमच्या टीव्हीत ती असेल तर सिनेमासाठी तीच वापरा.

पट्ट्यांचा व्हिडिओ फाइल म्हणून उतरवून घ्या, कारण ब्राउझरमधून पाहताना चित्र आधीच दाबलेलं असतं. दुकानात लोकांना खेचण्यासाठी लावलेला व्हिव्हिड मोड काढून फिल्ममेकर, सिनेमा किंवा पीसी मोड लावा. मग रात्री खोलीतले दिवे मंद करा, तळाच्या त्या उजव्या चिरफळीवर नजर ठेवा आणि ती जेमतेम दिसेल तिथे ब्राइटनेस थांबवा.